ट्रॅक्टर आपला, पाना कुणाचा?



या खेपेला मी भावाबद्दल लिहीत नाही, कर्जाबद्दल नाही आणि विजेबद्दलही नाही. ट्रॅक्टरच्या दुरुस्तीबद्दल लिहितो आहे. हा काय चळवळीचा विषय झाला, मिस्तरीचे काम मिस्तरीने बघावे, असे काही जण म्हणतील. पण जिल्ह्याच्या बैठकांतून फिरताना मला एक गोष्ट सारखी दिसते. मालाला दोन पैसे जास्त मिळावेत म्हणून आपण रस्त्यावर बसतो, आणि तेच दोन पैसे, कधी चार, हंगामाच्या तोंडावर गॅरेजच्या ओट्यावर मुकाट्याने मोजून येतो. तिथे घोषणा नाही, निवेदन नाही, साधा हिशेबही नाही. 'पार्ट बदलावा लागेल' एवढे तीन शब्द ऐकले की आपला हात खिशाकडे जातो.

ट्रॅक्टर आपल्या नावावर आहे. हप्ते आपण भरतो. बँकेचा बोजा आपल्या सातबाऱ्यावर. मग त्याच्या आत काय आहे, ते कसे खोलावे, आतला भाग कुठे मिळतो आणि त्याची किंमत काय, हे मात्र दुसऱ्याला माहीत आणि आपल्याला नाही. जी वस्तू मालकाला उघडता येत नाही ती त्याच्या मालकीची म्हणायची कशी? माझे म्हणणे एवढेच आहे, आणि ते पुढे हिशेबाने मांडतो.

तिसरा आकडा

दुरुस्तीच्या बिलावर दोन आकडे असतात : मालाचा आणि मजुरीचा. तिसरा आकडा बिलावर कधीच येत नाही, तो म्हणजे गेलेल्या दिवसांचा.

सोयाबीनची पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून जमिनीत पुरेशी ओल गेल्याशिवाय करू नये, अशी शिफारस आहे. एवढा पाऊस पडला की मग वाफशाची वाट. काळ्या रानात वाफसा किती दिवस टिकतो हे तुम्हांला सांगायला नको. आज चिखल, चार दिवसांनी ढेकूळ, मधले दोन-तीन दिवस तेवढे कामाचे. रब्बीत बागायती गव्हाची वेळेवर पेरणी म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. त्यानंतर जसजसा उशीर होतो तसतसे उत्पादन घटत जाते, हे मी शेतीच्या पदवीला शिकलो आणि पुढे रानात पाहिलेही.

आता गंमत पाहा. ट्रॅक्टरला खरा ताण याच दिवसांत पडतो, म्हणून तो बिघडतोही याच दिवसांत. सगळ्या तालुक्याचे ट्रॅक्टर एकाच आठवड्यात बिघडतात आणि एजन्सीचे दोन मिस्तरी एकाच आठवड्यात सगळ्यांना हवे असतात. भाड्याचा ट्रॅक्टर शोधावा तर तोही दुसऱ्याच्या रानात. तेव्हा 'पार्ट पुण्याहून मागवला आहे, चार दिवस लागतील' या वाक्याची किंमत चार दिवसांची मजुरी नव्हे. ती कधीकधी सबंध पिकाची असते. कारखान्यातले यंत्र बंद पडले तर मालक दुसरी पाळी लावून भरून काढतो. पावसाला दुसरी पाळी लावता येत नाही.

म्हणून शेतकऱ्याच्या दृष्टीने दुरुस्तीत स्वस्ताईपेक्षा वेळ मोठा. आणि वेळ वाचवायचा तर तीन गोष्टी जवळ हव्यात : बिघाड ओळखण्याची माहिती, हत्यारे आणि भाग. या तिन्हींची आपल्याकडे काय अवस्था आहे ते पाहू.

बिघाड एक, बिल दुसऱ्याचे

घरची दुरुस्ती फसते, हे खरे आहे. पण ती शेतकरी अडाणी म्हणून फसत नाही. लक्षण दिसताच थेट महागड्या भागावर उडी मारली जाते, म्हणून ती फसते. आणि ही उडी घरचा माणूस मारतो तशी गॅरेजवालाही मारतो. फरक इतकाच, की घरच्या माणसाने मारली तर त्याचे नुकसान होते आणि गॅरेजवाल्याने मारली तरीही त्याचेच होते.

आमच्या भागातल्या एका शेतकऱ्याची लिफ्ट नांगर उचलायची, पण इंजिन बंद केले की नांगर हळूहळू खाली यायचा. त्याला हायड्रॉलिकचा पंप बदलायला सांगितले गेले. पंप बदलला, हजारो रुपये गेले, नांगर तसाच खाली येतो आहे. आता साधा विचार करा. इंजिन बंद असताना पंप चालतच नाही. चालत नसलेला पंप नांगर खाली कसा आणील? उचललेला भार धरून ठेवणे हे सिलिंडर, त्यातल्या पिस्टनची रबरी रिंग आणि व्हॉल्व्ह यांचे काम. तेल तिथून गळत होते. शेवटी एक ओ-रिंग बदलली आणि काम झाले. तिची किंमत चहा-भज्याच्या पैशांत बसेल एवढी. उलट लिफ्ट मुळात उचलतच नसेल, तर आधी तेलाची पातळी पाहायची, मग जाळी आणि फिल्टर, आणि सर्वांत शेवटी पंप. हा क्रम कुणी शिकवला असता तर पंपाचे पैसे वाचले असते.

ट्रॅक्टर ओढत नाही, ही दुसरी नेहमीची तक्रार. लगेच डिझेल पंप उतरवण्याची भाषा सुरू होते. पण इंजिनाला हवा आणि डिझेल दोन्ही लागतात. आपण फुफाट्यात रोटाव्हेटर चालवतो. एअर क्लीनरच्या वाटीतले तेल धुळीने चिखलासारखे घट्ट होते आणि इंजिन गुदमरते. आधी ती वाटी धुवा, खुणेपर्यंत ताजे तेल भरा. मग डिझेलचे फिल्टर पाहा, मग नळीत हवा धरली आहे का ते पाहून ती काढा. तरीही जोर आला नाही तर पंप आणि नोझल. आणि हे दोन भाग मात्र घरी खोलू नका. त्यांचे काम टेस्ट बेंचवरच होते. शिवाय नोझलचा फवारा इतक्या दाबाचा असतो की तो कातडीतून आत शिरतो. त्यासमोर कधीही हात धरू नये.

धूरसुद्धा बोलतो, आपण ऐकत नाही. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळा धूर म्हणजे इंजिनाचे ऑइल जळते आहे, रिंगा किंवा व्हॉल्व्हचे गाइड झिजले असतील. पांढरा धूर टिकून राहिला तर डिझेल न जळता बाहेर पडते आहे किंवा पाणी आत जाते आहे. ऑइल ताकासारखे पांढुरके झाले तर पाणी ऑइलमध्ये उतरले, असा ट्रॅक्टर एक मिनिटही चालवू नका. इतकी माहिती चौथीच्या पुस्तकात मावेल. ती आपल्या भाषेत, आपल्या मॉडेलसाठी, आकृत्यांसह ट्रॅक्टरबरोबर का मिळत नाही? मिळते ती चालकाची पुस्तिका : ऑइल कधी बदलावे आणि पुढच्या सर्व्हिसला कधी यावे. आतले माप, घट्ट करण्याचे जोर, भागांचे क्रमांक असलेली खरी दुरुस्ती-पुस्तिका एजन्सीच्या कपाटात असते.

आणखी एक गोष्ट, जिच्यात पैशांचा नव्हे तर जिवाचा प्रश्न आहे. क्लचप्लेट बदलायची तर ट्रॅक्टरचे मधून दोन भाग करावे लागतात. हे काम जॅक आणि दगड-विटांच्या भरवशावर करू नये. वीट भाराखाली न सांगता फुटते. लोखंडी घोडे किंवा भरीव लाकडी ठोकळे वापरा, चाकांना पुढून-मागून ओट लावा. आणि लिफ्टवर उचललेल्या अवजाराखाली कुणीही, एका मिनिटासाठीही शिरू नये. तेल गळायला वेळ सांगून येत नाही.

जुन्या मालाची लाज नको, डोळे हवेत

आता जुन्या भागांबद्दल. गावात जुना पार्ट घेणाऱ्याकडे जरा हलक्या नजरेने पाहतात. मला त्यात हलके काही दिसत नाही. जुना माल नसता तर या देशातले निम्म्याहून जास्त जुने ट्रॅक्टर केव्हाच गोठ्यामागे गंजत पडले असते, असे माझे मत आहे.

एचएमटीचे उदाहरण घ्या. १९७१ च्या सुमारास हरियाणातल्या पिंजोरच्या सरकारी कारखान्यात झेक कंपनी झेटॉरच्या तंत्राने हा ट्रॅक्टर बनू लागला. ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने हा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. सरकारने कारखाना बंद केला, पण शेतकऱ्याच्या रानातला ट्रॅक्टर काही बंद झाला नाही. ज्याच्या दारात एचएमटी उभा आहे त्याला विचारा, भाग कुठून येतात? काही लुधियाना-राजकोटसारख्या ठिकाणच्या लहान कारखानदारांकडून, काही गावच्या लेथवरून आणि बाकीचे भंगारात निघालेल्या दुसऱ्या एचएमटीतून. सरकारने हात झटकले तिथे या लहान लोकांनी बाजार चालू ठेवला.

जीपचेही तसेच. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिस जीप जुळवायला सुरुवात झाली. त्याच घडणीच्या गाड्या पुढे कित्येक दशके निघत राहिल्या. घडण साधी, भाग एकमेकांना बसणारे आणि ते करणारे अनेक. म्हणून मळ्यात जाणारी म्हातारी जीप अजून चिखलातून निघते आणि तालुक्याच्या गावीसुद्धा तिचा मिस्तरी सापडतो. यंत्राचे आयुष्य लोखंडावर जेवढे अवलंबून असते तेवढेच ते उघडता येण्यावर असते, हा यातला धडा.

पण जुना माल डोळे मिटून घेणे म्हणजे एका खिसेकापूकडून सुटून दुसऱ्याच्या हाती सापडणे. तेव्हा काही नियम.

जुने खुशाल घ्यावे असे भाग : गिअरबॉक्सचे आणि मागच्या धुऱ्याचे ओतीव घर, चाकाच्या रिम, मडगार्ड, बॉनेट, वाकलेले नसतील तर लिफ्टचे हात आणि जोडदांडे, ड्रॉबार, दाबाने तपासून दिलेला रेडिएटर, चालवून दाखवलेला स्टार्टर.

जुने कधीही घेऊ नयेत असे भाग : ऑइल सील, गॅस्केट, ओ-रिंग, फिल्टर, बेअरिंग, क्लचप्लेट, ब्रेकचे लायनिंग, हायड्रॉलिकच्या रबरी नळ्या आणि कनेक्टिंग रॉडचे बोल्ट. यांचे आयुष्य वापरण्यात संपते, ते डोळ्यांना दिसत नाही. शंभर रुपये वाचवायला गेलेला माणूस बोल्ट तुटून फुटलेला इंजिन-ब्लॉक घेऊन येतो.

मोजून घ्यावेत असे भाग : क्रँक घेताना मायक्रोमीटर लावल्याशिवाय पैसे देऊ नका. क्रँक घासून त्याला जाड बेअरिंग बसवतात, हे घासणे दहा, वीस, तीस असे 'थाउ'च्या पायऱ्यांनी जाते. शेवटच्या पायरीवर पोहोचलेला क्रँक चकचकीत दिसतो, पण पुढे त्याला वाट नसते. हेड घेताना त्यावर सरळ पट्टी ठेवून खालून फीलर गेज सरकतो का ते पाहा. सरकला तर हेड वाकलेले आहे. क्राउन आणि पिनियन नेहमी जोडीनेच घ्या. ते एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, म्हणून एकाचा क्राउन आणि दुसऱ्याचा पिनियन सुखाने नांदत नाहीत. दात मोजा, जोडीचे क्रमांक ताडून पाहा.

तडा पाहायची जुनी युक्ती अजून चालते. भाग स्वच्छ करून त्यावर रॉकेल किंवा डिझेल लावा, थोडा वेळ मुरू द्या, कोरडा पुसा, वरून खडूची पूड चोळा आणि हातोडीने हलकेच ठोका. तडा असेल तर आत शिरलेले तेल खडूवर रेघ उमटवते. मागचे जुने टायर घेताना बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचा. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३५१८ म्हणजे २०१८ सालचा पस्तिसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसो, रबर म्हातारे झाले असेल तर ते पहिल्याच नांगरटीत चिरते.

पावती मागा, भले दुकानदार रुसला तरी

जुन्या मालाच्या बाजारातला खरा रोग म्हणजे बिनपावतीचा व्यवहार. पावती मागितली की दुकानदार हसतो आणि आपल्यालाच लाजल्यासारखे होते.

सुट्या ओतीव भागाचे एक वेळ ठीक, पण अख्खे इंजिन जुने घेणार असाल तर पावतीशिवाय हात लावू नका. इंजिनावर क्रमांक असतो, चासीवर असतो. विकणाऱ्याच्या ट्रॅक्टरची कागदपत्रे आणि हा क्रमांक ताडून पाहा. आपल्या ट्रॅक्टरला दुसरे इंजिन बसवले तर आरटीओकडे नोंद करा. नाहीतर पुढे विकताना, विमा मागताना किंवा नाक्यावर तपासणीत तुम्हीच चोर ठरता. चोरीची वस्तू आहे हे माहीत असून किंवा तसे मानायला कारण असूनही ती घेणे हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्याचे कलम ३१७. 'बाजारभावाच्या चौथाईत मिळाले' हेच उद्या तुमच्याविरुद्ध कारण म्हणून उभे राहील. आणि चोरीचा माल घेतो तेव्हा आपण कुणाचा ट्रॅक्टर घेतो? आपल्यासारख्याच एखाद्या शेतकऱ्याचा.

नव्या भागालाही पावती हवीच. 'ओरिजनल' म्हणून पेटीत नकली माल मिळतो, हे आता गुपित राहिलेले नाही. बंद पाकिटावर उत्पादकाचे नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि कमाल किरकोळ किंमत छापणे बंधनकारक आहे. ती नसेल तर वस्तू परत करा. पावतीवर भागाचा क्रमांक लिहून घ्या, नुसते 'ट्रॅक्टर पार्ट' नको. खराब निघाला तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी नाही. पोटासाठी स्वतः राबून शेती करणारा हा ग्राहकच आहे. पण पावती नसेल तर हा कायदा भिंतीवरचे चित्र.

पावतीचे आणखी एक कारण. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, आणि ट्रॅक्टरचे टायर व यादीतले सुटे भाग यांच्यावरचा १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर. व्यापाऱ्याला भरलेला कर वजा करून घेता येतो, शेतकऱ्याला येत नाही. त्याच्यासाठी तो निव्वळ भुर्दंड. म्हणजे कराआधी १०,००० रुपयांच्या मालावर पूर्वी १,८०० रुपये कर बसे, आता ५००. मधले १,३०० रुपये तुमच्या खिशात राहिले की दुकानदाराच्या गल्ल्यात, हे पावतीशिवाय कसे कळणार?

लोखंडाला कुलूप

आतापर्यंत बोललो ते पान्याने उघडणाऱ्या ट्रॅक्टरबद्दल. पुढे जो येतो आहे तो पान्याने उघडणार नाही.

१ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक निकष लागू झाले. ते पाळण्यासाठी इंजिनात डिझेलचा पुरवठा यंत्राऐवजी इलेक्ट्रॉनिक मेंदू ठरवू लागला. धूर कमी व्हावा याला माझा विरोध नाही. तो धूर आपल्याच नाकात जातो. पण अशा इंजिनातला एखादा सेन्सर बिघडला की पडद्यावर एक सांकेतिक आकडा उमटतो, आणि त्याचा अर्थ सांगणारे यंत्र एजन्सीकडेच असते. गावातला मिस्तरी कितीही हुशार असो, त्याच्या हातात पाना आहे, किल्ली नाही. आज आपल्याकडचे बहुतेक ट्रॅक्टर ५० अश्वशक्तीच्या आतले आहेत, म्हणून ही झळ थोड्यांना लागते. निकष उद्या खाली उतरले की ती सगळ्यांच्या दारी येईल.

हे काल्पनिक भय नाही. अमेरिकेत मोठ्या ट्रॅक्टर कंपन्यांनी नेमके हेच केले आणि तिथला शेतकरी, ज्याची शेते आपल्या गावाएवढी, तोही दुरुस्तीसाठी एजन्सीच्या दारात उभा राहिला. त्याने लढा दिला. कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतीयंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या संघीय व्यापार आयोगाने दोन राज्यांसह जॉन डिअर कंपनीवर दुरुस्तीची मक्तेदारी केल्याचा दावा दाखल केला.

आपल्याकडे काय? २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कारण, सुटे भाग आणि तपासणीची साधने त्या खुल्या बाजारात बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नव्हत्या. पुढे अपिले झाली, पण तत्त्व नोंदले गेले. हा निकाल मोटारींचा होता. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली. तिने चार क्षेत्रे निवडली आणि त्यांत पहिले नाव शेतीच्या अवजारांचे होते. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचे पोर्टल निघाले. मे २०२५ मध्ये वस्तू दुरुस्तीला किती सोपी हे ठरवणाऱ्या निर्देशांकाचा अहवाल सादर झाला, तो मात्र मोबाइल आणि घरगुती विजेच्या वस्तूंसाठी. पंगतीत पहिले पान शेतकऱ्याचे मांडले आणि वाढताना सुरुवात दुसरीकडून झाली. आपल्याला याचे आश्चर्य वाटू नये.

'तुमच्याच सुरक्षेसाठी'

कंपन्यांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. ते म्हणतात, कुणीही यंत्र उघडले तर अपघात होतील, धुराचे निकष मोडले जातील, नकली भाग घुसतील. यात तथ्य अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. ब्रेक आणि स्टिअरिंगशी खेळ नको, हे खरेच. पण अपघात माहितीने होतात की माहितीच्या अभावाने? विटांवर ट्रॅक्टर टेकवणाऱ्याला पुस्तिका मिळाली असती तर त्याने टेकवला असता का? नकली भाग का खपतो? अस्सल भाग मिळत नाही, मिळाला तर वेळेवर नाही, आणि त्याची किंमत कुठे लिहिलेली नाही म्हणून. वारंटीच्या काळात सील केलेले भाग आपण उघडू नयेत, हे मान्य. सर्व्हिसच्या नोंदी ठेवा, आणि वारंटी नाकारली तर कारण लेखी मागा. पण वारंटी संपल्यावरही कुलूप कायम ठेवणे ही सुरक्षा नव्हे, तो सावकारीचा नवा प्रकार आहे.

आणि आपण मागतो आहोत काय? अनुदान नाही. भागांच्या किमतीवर सरकारी नियंत्रणही नाही. ते आले की दुकानातला भागच नाहीसा होईल, हा अनुभव आपण खत-बियाण्यांत घेतला आहे. आपण मागतो ते खुले दार :

१. प्रत्येक मॉडेलची दुरुस्ती-पुस्तिका आणि भागांची क्रमांकवार यादी मराठीत, कुणालाही विकत मिळावी.

२. भागांच्या किमती जाहीर असाव्यात आणि भाग कोणत्याही गॅरेजला त्याच किमतीला मिळावेत.

३. मॉडेल बंद झाल्यावर किती वर्षे भाग पुरवणार, हे विकतानाच लेखी द्यावे.

४. इलेक्ट्रॉनिक बिघाडाचे संकेत आणि ते वाचण्याचे साधन मालकाला व गावच्या मिस्तरीला विकत घेता यावे.

या चार मागण्यांत कुणाच्या नफ्याला बंदी नाही. बंदी आहे ती फक्त माहिती दडवून केलेल्या नफ्याला.

आपले आपण

मागण्या मान्य होईपर्यंत हात बांधून बसायचे कारण नाही. प्रत्येक गावाने एक वही सुरू करावी. कोणाकडे कोणते मॉडेल, काय बिघडले, खरे कारण काय निघाले, भाग कुठून आणला, क्रमांक काय, किती दिले, किती टिकला. दोन हंगामांत ही वही कोणत्याही एजन्सीपेक्षा शहाणी होईल. खोटे बोलणारा दुकानदार तिला जितका घाबरेल तितका मोर्चालाही घाबरणार नाही.

महागडी हत्यारे एकेकट्याने घेऊ नयेत. टॉर्क पाना, मायक्रोमीटर, फीलर गेज, लोखंडी घोडे आणि चेन-पुलीचा ब्लॉक दहा घरांनी मिळून घ्यावा. जळणाऱ्या, झिजणाऱ्या नेहमीच्या भागांचा एक संच, म्हणजे फिल्टर, ओ-रिंगा, पंख्याचा पट्टा आणि हायड्रॉलिकची एक नळी, मे महिन्यातच घरात आणून ठेवावा. पाऊस पडल्यावर तो आणायला गेलात की तोच तिसरा आकडा तुमची वाट पाहत असतो. ट्रॅक्टरची तपासणी उन्हाळ्यात करा, मिस्तरी तेव्हा मोकळा असतो.

गावातल्या पोरांना या कामात आणा. आयटीआयमध्ये ट्रॅक्टर मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे. मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची शेतीयंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था आहे, तिथे ट्रॅक्टर चालवणे, निवडणे, दुरुस्त करणे याचे शिक्षण शेतकऱ्यांना मिळते. नवा ट्रॅक्टर घेण्याआधी तिथल्या चाचणी-अहवालाची प्रत मागायला शिका. जाहिरातीतला बैल आणि बाजारातला बैल यांतला फरक आपल्या बापजाद्यांना कळत होता. बैलाचे दात पाहिल्याशिवाय त्यांनी कधी दावे हातात घेतले नाही, आणि तो आजारी पडला तर गोठ्यात शिरायला कुणाची परवानगी मागितली नाही.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने मागच्या हंगामातली दुरुस्तीची बिले घेऊन यावे. ज्यांच्याकडे बिले नाहीत त्यांनी भागाचे नाव, दिलेली रक्कम आणि वाया गेलेले दिवस कागदावर लिहून आणावेत. दोन आकडे नव्हे, तीन. तिन्हींची बेरीज जिल्ह्याची म्हणून एकत्र करू आणि वरच्या चार मागण्यांसह ती ग्राहक व्यवहार विभागाकडे, ट्रॅक्टर कंपन्यांकडे आणि आपल्या खासदारांकडे पाठवू. रिकाम्या हाताने दिलेले निवेदन फायलीत जाते. हिशेबासह दिलेल्या निवेदनाला उत्तर द्यावे लागते.